सात लिंबांची गाडी

आमच्या शोरूममधून एखादं गिऱ्हाईक गाडी न घेता वापस गेलं, त शेटजी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवत. हे मी थट्टेनं नाई सांगून राह्यलो. वाशीमात मोटरसायकली विकनारे लय असतीन, पन गिऱ्हाइकाले "नका घेऊ" म्हननारा एकच होता, आन नेमकी त्याच्याकडेच मले नोकरी लागली. माह्यं नशीबच तसं हाय. मी हॉटेलात लागलो असतो त मालकानं लोकायले उपास करायले लावले असते.

शेटजी म्हनजे बारीक अंगाचा मानूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कानावर पेन्सिलचा तुकडा. सारी उमर गाड्यायच्या धंद्यात गेली. आधी सायकली, मंग मोटरसायकली. पन स्वता जल्मात गाडी चालवली नाई. कोनी इचारलं त म्हनत, "घर वर, दुकान खाली. जिना उतरायले किती सीसीची गाडी लागते, सांगा बरं?"

चालवता येत नव्हती, पन ऐकता येत होती. गाडी चालू केली का शेटजी टाकीले कान लावत, डोळे मिटत आन एक बोट वर करत. बोट वर गेलं का दुकानात कोनी खोकलत बी नसे. मंग डोळे उघडून म्हनत, "टॅपेट." नाईत, "चेन." नाईत, "काही नाई, मालकाचा भरम हाय." मिस्तरी गाडी खोलून पाहे त तेच निघे.

माह्यं शिक्षन म्हनान, त चौथीत शाळेनं मले सोडलं. म्या शाळेले सोडलं नाई, मी त दाराशी उभाच होतो. दुकानात माह्यं काम म्हनजे गाडी विकल्या गेली का तिले हार घालाचा, समोरच्या चाकाखाली लिंबू ठेवाचं, नारळ फोडाचा आन दारातली पितळी घंटी वाजवाची. घंटी वाजली का रस्त्यावरचे लोक समजत, शेटजीची एक गाडी गेली. पयल्याच दिवशी नारळ फोडता फोडता म्या हेडलाईट फोडला. नारळ साबूत राह्यला. शेटजी गिऱ्हाइकाले म्हनले, "देवानं गाडी पसंत केली नाई, दुसरी घ्या."

एक खेप मले ठेवनीच्या कपाटात लाल-पिवळ्या पाट्यायचा गठ्ठा सापडला. मले वाटलं, सजावट हाय. म्या एक-एक पाटी एका-एका गाडीले बांधली. दुकान कसं लग्नाच्या मांडवावानी दिसून राह्यलं होतं. चार दिवस लोक येत, पाहत आन जात. पाचव्या दिवशी शेटजी गावाहून वापस आले, त्यायनं पाटी वाचली आन खाली बसले.

"काबे बैताडा, हे काय लावलं?"

"शोभेचं हाय, शेटजी."

"यावर 'बुक झाली' लिवेल हाय!"

मी काही तरी बोललो, पन तोंडात खर्रा होता. सुपारी-तंबाखूचा घोटलेला खर्रा गालात असल्याबिगर माह्यं डोकं चालत नसे. शेटजी म्हनले, "आधी थुकून ये. तू बोलतो त मले असं वाटते का कोनी कच्च्या रस्त्यानं ट्रॅक्टर नेऊन राह्यलं."

तरी त्यायनं मले काढलं नाई. पुरी दुनिया मले काढत होती, हा एकच मानूस ठेवत होता. काहून ठेवत होता, हे त्यायलेच ठाऊक.

आता त्यायचे ते पाच सवाल सांगतो. दुकानात लाकडी स्टूल होता. गिऱ्हाइकाले गाडीवर नाई, आधी त्या स्टुलावर बसा लागे. शेटजी समोर बसत आन पाच सवाल इचारत. रोज कुठं जाता? किती दूर? मांगं कोन बसते? जुनी असन त तिले काय झालं? आन पाचवा सवाल म्हनजे, बाप रे, त्याच्यात चांगले चांगले घसरत: "गाडी आली का पेट्रोल आलं. त्याच्यापायी घरातलं काय बंद करान?"

इंझोरीहून एक जन आले होते. मोठ्या मिशा, खांद्यावर दुपट्टा, बाहेर उभी त्यायची पंधरा साल जुनी गाडी. स्टुलावर असे बसले का जसे पंचायतीतच बसले.

शेटजी म्हनले, "जुनीले काय झालं, भाऊ?"

"लय आवाज करते."

"मी बी लय आवाज करतो. माह्या बायकोनं नवा शेट आनला काय?"

वरून शेटानीबाईचा आवाज आला, "भेटला असता त आनला असता!"

मिशीवाले हसले. शेटजी हसले नाई. म्हनले, "खरं सांगा, गाडी काहून पायजे?"

"साळ्यानं घेतली ना, शेटजी."

"मंग साळ्याच्या मांगं बसत जा. आता पाचवा सवाल. पेट्रोलपायी काय बंद करान?"

मिशीवाल्यायनं लय इचार केला. "घरी दूध जरा जास्तच येते," ते म्हनले.

"दूध कोन पेते?"

"नातू."

शेटजी उठले, बाहेर गेले, त्यायच्या जुन्या गाडीले कान लावला. बोट वर. "टॅपेट ढिलं हाय. मिस्तरी अर्ध्या घंट्यात बसवते. अजून चार साल पाहायची गरज नाई. जा, नातवाले दूध पाजा."

मिशीवाले गेले. मी मनात हिशोब केला का असेच गेले त एक दिवस आपन बी जाऊ.

आन तसेच दिवस आले. पेट्रोल शंभराच्या वर गेलं ते खाली पाहायले तयार नाई. नवी गाडी लाखाच्या घरात. वरून विमा एकदमच पाच सालाचा भरा लागे. जऊळक्याचे चार जन एकच गाडी वापरत, सोमवार-मंगळवार वाटून घेतले होते. उतार लागला का लोक गाडी बंद करून घरंगळत जात, आन चढ लागला का मांगच्याले उतरवत. दसरा-पाडव्याले घंटी वाजवून माह्या हाताले फोड येत, तो जमाना गेला. एका उन्हाळ्यात त घंटीच्या कडीवर चिमनीनं घरटं केलं. शेटजी म्हनले, "पिल्लं उडेपर्यंत घंटी वाजवाची नाई." पिल्लं उडाली, चिमनी गेली, घरटं सुकून खाली पडलं, आन वाजवाची वेळ आलीच नाई.

विकत घ्यायले कोनी येत नव्हतं, पन चालवून पाहायले मात्र सगळा जिल्हा येत होता. टेस्ट राईड फुकट ना! म्या मांगं बसून जावं, गाडी वापस आनावी, हे बी माह्यंच काम. एक जन तहसीलात गेला, सातबारा काढला, रसवंतीत रस पेला आन गाडी वापस देऊन म्हने, "सीट जरा कडक हाय." एकानं सासूले रेल्वे स्टेशनवर सोडलं. तो समोर, सासू मधात, मी सगळ्यात मांगं, डोक्यावर सासूची पेटी. सासू मले म्हने, "जावईबापू, सामान नीट धरा." म्हनलं, जावई समोर हाय. त म्हने, "तो काय कामाचा!"

मंग शेटजीनं टेस्ट राईडच्या गाडीत पेट्रोल टाकाचं माप ठरवलं. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली. एक बाटली म्हनजे बसस्टँडपर्यंत जाऊन वापस, अर्धा फर्लांगही जास्त नाई. हे माप ध्यानात ठेवा, याच मापानं पुढं माह्या इज्जतीचा फालुदा झाला.

त्या साली दसऱ्याच्या आधी कंपनीचा साहेब आला. पॉलिशचे बूट, हातात टॅब. शेटजीच्या समोर उभा राहून म्हनला, "शेटजी, असं नाही चालणार. दसऱ्याच्या दिवशी आठ गाड्या पाहिजेत. संध्याकाळपर्यंत आठ झाल्या नाही तर कंपनीचा बोर्ड उतरवावा लागेल."

शेटजी "बरं" म्हनले. पन त्या दिवशी चार वाजताचा चहा त्यायनं मांगितला नाई, आन मी पाह्यलं त दारावरच्या बोर्डाकडे पाहून राह्यले होते. रोज सकाळी दुकान उघडलं का ते त्या बोर्डाले उदबत्ती दाखवत. सायकलीच्या दुकानातून तिथंवर यायले त्यायले सारी जवानी लागली होती.

मी म्हनलं, "शेटजी, आठच दिवस ते सवाल बंद ठेवा ना."

"सवाल बंद ठेवू त दुकानात मी करू काय? नारळ फोडू? त्यासाठी तू हायेस."

"बोर्ड गेला त?"

"त भिंत दिसन. भिंत बी आपलीच हाय."

असं म्हनले, पन आवाज नेहमीचा नव्हता. आता शेटजीच्या संगतीत राहून मले बी आवाजाचं थोडं कळाले लागलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी शेटजी मंदिरात गेले. साडेअकरापर्यंत येत नसत. दुकानात मी एकटा. दारात गर्दी होती, पन ती सगळी जुन्या गाड्या धुवून, झेंडूचे हार घालून जानाऱ्यायची. आमच्याकडे कोनी पाहत नव्हतं. आन तवा माह्या डोक्यात उजेड पडला. माह्या डोक्यात उजेड पडला का समजाचं, कुठं तरी आग लागली.

म्या इचार केला, लोक गर्दीतच गर्दी करते. एक गाडी विकल्या गेलेली दिसली का दुसरी जाते. त म्या टेस्ट राईडची गाडी काढली, पुसून चकाचक केली, हार घातला, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नारळ सटकून टाकीवर बसला आन चांगला पोचा पडला, पन म्या पोच्यावर हार सरकवला. घंटी वाजवली. दारातून थाटात निंघालो, मांगच्या गल्लीनं वापस दुकानात.

दुसऱ्या खेपेले टोपी घातली. तिसऱ्या खेपेले काळा चष्मा. चौथ्या खेपेले दुपट्टा तोंडाले बांधला. पाचव्या खेपेले लंगडत आलो. सहाव्या खेपेले काय करावं समजलं नाई म्हनून दोन्ही हातायनं लोकायले नमस्कार करत गेलो, जसा आमदार. आन खरं सांगतो, जमून राह्यलं होतं! समोर वीस-पंचवीस मानसं उभी. "आज काय स्कीम हाय का?" इचारून राह्यले. दोघं जन त आत येऊन गाडीवर हात बी फिरवून गेले.

समोरच्या चहाच्या टपरीवर ते इंझोरीचे मिशीवाले बसले होते. बाजारले आले असतीन. सहाव्या खेपेले त्यायनं मले हाक मारली, "ओ पाव्हनं!"

मी थांबलो.

"सकाळपासून पाहून राह्यलो. किती गाड्या लागते तुमाले? घरी शाळा हाय काय?"

मी म्हनलं, "तो मी नाई. तो माहा भाऊ होता."

"आन लंगडा?"

"तो मोठा भाऊ."

मिशीवाल्यायनं चहाचा घोट घेतला आन म्हनले, "खर्रा मात्र सगळे भाऊ एकाच गालात ठेवते."

तिथंच थांबलो असतो त मी हुशार मानूस झालो असतो. पन सातवी खेप बाकी होती, आन साहेबाले आठ पायजे होत्या. शेटानीबाईची जरीची शाल वाळत होती, ती डोक्यावरून घेतली, चाकाखाली सातवं लिंबू चिरडलं आन निंघालो. बरोबर चौकात गाडी फट-फट करून मेली. सात खेपा आन खोकल्याची बाटली एक!

नवीकोरी गाडी, गळ्यात हार, वर जरीची शाल घेतलेला मानूस, आन गाडी बंद. लोकायले दसऱ्याचा सनच भेटला. "अबे, शेटजीची नवी गाडी बंद पडली!" चौघं जन ढकलाले लागले. एका ढोलवाल्यायनं ढोल वाजवला. मी खाली उतरतो म्हनलं त उतरू देईनात. "बसा बसा, नवरदेव!" अशा थाटात माह्यी वरात शोरूमच्या दारात आली, आन दारात शेटजी उभे. त्यायच्या बाजूले पॉलिशचे बूट. साहेब येऊन पोचला होता.

जे दोघं गाडीवर हात फिरवून गेले होते, ते लांबूनच वापस गेले. गाडी पयल्याच दिवशी चौकात मेली, आता कोन घेते?

साहेब मात्र खूश. त्याले टपरीवाल्यानं सांगितलं होतं. "शेटजी, सात झाल्या म्हणतात! एकच राहिली की!"

शेटजीनं त्याच्याकडे पाह्यलं नाई. खाली वाकले आन दारासमोरची चिरडलेली लिंबं मोजली. मंग टाकीवरचा हार उचलून पोचा पाह्यला. मंग माह्या डोक्यावरची शाल. "ही आमच्या बाईची हाय," एवढंच म्हनले.

म्या सगळं कबूल केलं. नाई करून सांगू कोनाले? गुडघ्याले लिंबाचा रस लागेल होता.

साहेब मुरलेला मानूस. तो हळूच म्हनला, "शेटजी, हरकत नाही. सगळे करतात. आठ गाड्यांची बिलं दुकानातल्या माणसांच्या नावानं फाडा. नंतर विकत बसा. बोर्ड राहतो."

आता पाहा, एका सहीचं काम होतं. बोर्ड राह्यला असता, माह्यी नोकरी राह्यली असती. मी त मनातल्या मनात आठ गाड्यायचा मालक होऊन बी गेलो होतो. शेटजीनं कानावरची पेन्सिल काढली, पाह्यली आन वापस कानावर ठेवली. म्हनले, "स्टूल आन."

म्या आनला.

"बस."

साऱ्या वाशीमासमोर मी स्टुलावर बसलो. गर्दीतून मिशीवाले बी पुढं आले.

"रोज कुठं जातो?"

"इथं येतो, शेटजी. दुकानात."

"किती दूर?"

"दोन किलोमीटर."

"मांगं कोन बसते?"

"डबा."

लोक हसले. शेटजीनं बोट वर केलं, लोक गप.

"जुनीले काय झालं?"

"सायकल हाय, शेटजी. चांगली हाय. तुमीच देल्ली."

"पेट्रोलपायी काय बंद करशीन?"

घरी बायको आन एक पोरगी. बंद कराले होतं काय? मी म्हनलं, "शेटजी, पोरगी सातवीत हाय, तिची शिकवनी..." आन स्टुलावरून उठलो.

शेटजी साहेबाकडे वळले. "साहेब, याले गाडीची गरज नाई. मी याले एक गाडी विकत नाई, आठ कशा विकू? तुमी बोर्ड घेऊन जा."

साहेब म्हनला, "शेटजी, विचार करा."

"केला. त्याच्यापायीच त स्टूल ठेवला."

बोर्ड उतरवाले दोन मानसं शिडीवर चढली. मी शिडी धरली. माह्याच हातानं धरली, म्हनजे पाप पुरं झालं. शेटजी खुर्ची टाकून दारात बसले, हात मांडीवर. मले वाटलं आता मले बी शिडीवरूनच खाली टाकतीन.

पन तोवर दसऱ्याची सांज झाली होती. सोनं वाटाची वेळ. आधी ते मिशीवाले आले. आपट्याची पानं शेटजीच्या हातात देल्ली, पाया पडले. मंग त्यायच्या मांगून एक आला, जुनी गाडी घेऊन. मंग आखीन एक. ज्यायले ज्यायले शेटजीनं "नका घेऊ" म्हनून वापस धाडलं होतं, ते सगळे आपापल्या खडखडत्या गाड्या घेऊन आले. हार घातलेल्या, धुतलेल्या, पन आवाज असा का जसं भांड्यायचं दुकान पळून राह्यलं. शेटजीच्या मांडीवर पानायचा ढीग झाला. आन ते काय करत होते म्हनता? सोनं घेत, टाकीले कान लावत, बोट वर करत. "चेन." "टॅपेट." "तुमी पेट्रोल रॉकेलवाल्याकडून घेता काय?"

शेवटी मी माह्यी सायकल घेऊन लायनीत उभा राह्यलो. पानं देल्ली. शेटजीनं सायकलीले बी कान लावला. म्हनले, "हिले काही नाई. बिघाड वर बसते."

दुसऱ्या दिवसापासून तिथं दुरुस्तीचं दुकान झालं. मिस्तरी तोच, ऐकनारा तोच, पाना उचलून देनारा मी. कंपनीनं सगळ्या गाड्या वापस नेल्या, पन ती सात लिंबांची नेली नाई, टाकीवर पोचा होता ना. शेटजीले ती नाइलाजानं आपल्या नावावर करा लागली. सामान आनाले, मिस्तरीले धाडाले कामी येत होती. लोक नवी घेत नव्हते, जुनीले जपत होते, त काम लय होतं. शेटजी दोन पोळ्या जास्तच जेवत.

पुढं गुडघे गेले, जिना जमेना, त ते दोघं नवरा-बायको दुकान मिस्तरीच्या आन माह्या भरोशावर सोडून नागपूरले पोरीकडे राहाले गेले. जाताना पितळी घंटी काढून नेली. म्या इचारलं, "शेटजी, घंटी कायले?" त म्हनले, "तुह्या हाताखाली ठेवू? उद्या भंगारवाल्याले शोभेची म्हनून देशीन."

अजून बी गाडी अडली का मी त्यायले फोन लावतो आन फोन सायलेन्सरजवळ धरतो. तिकडून आवाज येते, "चेन." गिऱ्हाईक हात जोडते, फोनले.

मांगच्या महिन्यात म्या माह्याच कामानं फोन लावला. पोरगी आता नर्सचं शिकून राह्यली. सकाळची पाळी सात वाजता, आन त्या वेळेले एसटी नाई. म्हनलं, "शेटजी, ती सात लिंबांची गाडी मले पायजे. सवाल इचारा."

"रोज कुठं जातो?"

"मी नाई, पोरगी जाते. मी सायकलनंच येतो दुकानात."

"मंग गाडी तिची हाय, तुह्यी कुठून आली? तिले फोन दे."

म्या स्टूल ओढला. पोरगी बसली. फोन स्पीकरवर.

"रोज कुठं जाते, बाई?"

"दवाखान्यात, आजोबा. चौदा किलोमीटर."

"मांगं कोन बसते?"

"मैत्रीण. ती पेट्रोलमधी अर्धा वाटा देते."

"मोटरसायकल चालवता येते?"

"बाबापेक्षा बरी."

"ते त कोनाले बी येते. जुनीले काय झालं?"

"जुनी नाईच, आजोबा. एसटी होती, ती बंद झाली."

मंग पाचवा सवाल आला. "पेट्रोलपायी घरातलं काय बंद करशीन?"

पोरीनं माह्याकडे पाह्यलं. "केलं बंद, आजोबा. बाबाचा खर्रा. तीन महिने झाले."

मी खाली पाह्यलं. शेटजी म्हनले, "म्हनूनच! मी मघापासून इचार करून राह्यलो का आज तुह्या बापाचं बोलनं समजून काहून राह्यलं."

मंग मले म्हनले, "अबे ऐक. हार घाल. नारळ गाडीपासून दहा हात दूर फोड. आन चाकाखाली लिंबू ठेव."

"शेटजी, हिच्याखाली सात झाली."

"ती तुह्यी होती. हे माह्यं."

म्या लिंबू ठेवलं. पोरीनं किक मारली, लिंबू फुटलं, आन तिकडून फोनमधून पितळी घंटी वाजली. एकदा नाई, वाजतच राह्यली. मांगून शेटानीबाई ओरडून राह्यल्या होत्या, "अहो, शेजारी काय म्हनतीन!"

घंटी थांबली. शेटजीले दम लागला होता.

"आठ झाल्या," ते म्हनले. "त्या साहेबाले कळवजो."